उशिरा मोजलेलं चाक

चारही चाकं ओढणारी गाडी आतून कशी चालते, ते मी आधी सांगणार आहे. ज्यांच्याविषयी हे लिहितो आहे त्यांनी घातलेली ती अट आहे. ‘वाचणाऱ्याला गाडी कळली नाही तर त्याला फक्त तुमचं रडगाणं ऐकू येईल,’ असं ते म्हणाले. ते माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. मी त्यांना भाऊजी म्हणतो.

साध्या गाडीत इंजिन दोनच चाकं फिरवतं, उरलेली दोन नुसती सोबत येतात. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समध्ये जाते, तिथून डिफरन्शियलमध्ये आणि तिथून दोन आखूड दांड्यांनी डाव्या-उजव्या चाकाला. डिफरन्शियलचं काम म्हणजे त्या दोन चाकांना वेगवेगळे फेरे घेऊ देणं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर तोडावं लागतं, आतल्याला कमी. दोघांना एकाच दांड्यात जखडलं तर एक चाक फरफटत जाईल.

चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सच्या बाजूने आणखी एक वाट फुटते. तिथून एक लांब शाफ्ट गाडीच्या पोटाखालून मागे जातो. मागे दुसरं डिफरन्शियल असतं, ते मागच्या दोन चाकांना सांभाळतं. या शाफ्टच्या आणि मागच्या डिफरन्शियलच्या मध्ये तांब्याएवढी एक डबी बसवलेली असते. तिला कपलिंग म्हणतात. डबीत पातळ चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात. निम्म्या शाफ्टला बांधलेल्या, निम्म्या डिफरन्शियलला, आणि सगळ्या तेलात बुडालेल्या. चकत्या सैल असल्या की एकमेकींवरून घसरतात आणि मागची चाकं मोकळी राहतात. गाडीतला कंप्युटर त्यांना दाबून धरतो तेव्हा ताकद मागे पोचते. चढावर, चिखलात तो जास्त दाबतो. कधी दाबायचं ते त्याला प्रत्येक चाकापाशी बसवलेला सेन्सर सांगतो. सेन्सर फेरे मोजतो. एखादं चाक इतरांपेक्षा वेगळं फिरायला लागलं, की ते घसरतं आहे असं कंप्युटर धरून चालतो.

या सगळ्या यंत्रणेने एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की चारही चाकं एका मापाची आहेत. टायरवर छापलेला आकडा हे ते माप नाही. नव्या आणि झिजलेल्या टायरवर आकडा तोच असतो, पण चार मिलिमीटर रबर झिजलं की टायरचा घेर अडीच सेंटिमीटरने कमी होतो. लहान चाकाला तेवढ्याच रस्त्याला जास्त फेरे घ्यावे लागतात. साध्या गाडीत हा फरक खपून जातो. या गाडीत मात्र सरळ रस्त्यावरसुद्धा पुढचा भाग आणि मागचा भाग वेगवेगळ्या वेगाने फिरत राहतात आणि तो फरक डबीतल्या चकत्यांना सोसावा लागतो. वळणापुरत्या घासणाऱ्या चकत्या घासायच्या थांबतच नाहीत. तेल तापतं, करपतं. चकत्या जळतात आणि शेवटी एकमेकींना चिकटून बसतात. मग अरुंद वळणावर पुढची आणि मागची चाकं एकमेकांना ओढायला लागतात आणि गाडी उड्या मारते.

हे मला त्या वेळी अर्धवट ठाऊक होतं. भाऊजींना पुरतं ठाऊक होतं.

म्हैसूरच्या कडेला, हूटगळ्ळीला तेव्हा माझं गॅरेज होतं. मालक मी, हात त्यांचे. त्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा बहिणीच्या शब्दाखातर मी त्यांना ठेवून घेतलं, असं मी सगळ्यांना सांगत असे. खरं म्हणजे ते येण्याआधी माझ्याकडे सर्व्हिसिंग आणि पंक्चरपलीकडे काही येत नव्हतं. मी उमेदीची वर्षं स्पेअर पार्टच्या दुकानात काढलेली. मला पार्टचे नंबर पाठ होते, तो पार्ट गाडीत काय करतो हे मात्र ऐकीव होतं. भाऊजी शाफ्टवर तळवा ठेवून कुठला बेअरिंग गेला ते सांगायचे. तेल ओतण्याआधी त्याचा एक थेंब अंगठा आणि बोट यांच्यामध्ये चोळून पाहायचे. डब्यावर काय लिहिलंय ते नंतर. लोक गेटातून आत येताना मला नमस्कार करत आणि विचारत, ‘ते आहेत का?’

आमची घराणी म्हैसूरची, कैक पिढ्यांची. घरात मराठी, पण निम्मी कानडी मिसळलेली. पुण्याहून नोकरीसाठी आलेले एक गृहस्थ आमच्याकडे गाडी आणत. मोठी, चारही चाकं ओढणारी गाडी. ते मला काका म्हणायचे आणि माझ्या मराठीवर हसायचे. वाईट हेतूने नव्हे. मी ‘सुम्ने’ म्हटलं, म्हणजे आमच्याकडचं ‘उगीच’, की ते बायकोकडे बघून हसायचे. मी त्यांच्याशी शुद्ध बोलायचा प्रयत्न करायचो. भाऊजी कधीच करायचे नाहीत आणि तरीही ते गृहस्थ खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसायचे, गाडीच्या पोटाखालून येणारं त्यांचं कानडी-मराठी मन लावून ऐकायचे. हे मला खुपत असे. खुपायला त्याहून मोठं कारण लागत नाही, हे आता या वयात कबूल करायला हरकत नाही.

त्या वर्षी आयुधपूजेच्या आठवड्यात भाऊजींनी त्या गाडीच्या मागच्या डिफरन्शियलचं आणि कपलिंगचं तेल बदललं. दोन्ही तेलं वेगळी. डिफरन्शियलचं जाड, कपलिंगचं पातळ. पातळ तेल आम्ही एरवी ठेवत नसू. या गाडीसाठी एक बाटली मागवली होती. गाडी नीट गेली.

आयुधपूजेला आमच्याकडे हत्यारं पुजतात. पाने, जॅक, हातोड्या, मोजपट्टी, सगळं धुऊन केळीच्या पानांवर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, मशिनींना हार घालायचे. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी विजयादशमीची आरती होईपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. गाड्यांपुढे कोहळा फोडायचा मान गॅरेजमधल्या सर्वांत जुन्या हाताचा. तो मान त्यांचा होता. दर वर्षी मी ताट धरून बाजूला उभा असायचो.

पूजा आटोपून चुरमुरे वाटणं चाललं होतं, तेवढ्यात पुण्याचे गृहस्थ आले. पुढच्या डाव्या चाकाचा टायर दगडाला लागून कडेला फाटला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोमुलांना घेऊन कोडगूला, म्हणजे कूर्गला, जायचं ठरलं होतं. तिथे डोंगरातल्या एका घरी मुक्काम, शेवटचा रस्ता कच्चा. त्या मापाचा टायर बेंगळूरहून मागवावा लागला असता आणि सणामुळे ते शक्य नव्हतं. गाडीत स्टेपनी होती, पूर्ण मापाची, एकदाही रस्त्याला न लागलेली. मी म्हटलं, ती लावू.

ते आत प्रसाद घ्यायला गेले. गेटाबाहेर आम्ही दोघंच होतो.

भाऊजी म्हणाले, ‘मोजल्याशिवाय लावू नका. बाकीचे तीन बरेच झिजलेत.’

मी म्हटलं, मोजपट्टी पूजेत आहे.

‘दोरा घ्या. दोरा कुठं पूजेत आहे?’

‘आकडा एकच आहे, बघा की. सुम्ने सणाच्या दिवशी शंका काढू नका.’

त्यांनी आणखी एक मार्ग सुचवला. मागे ताकद नेणारा फ्यूज काढून ठेवायचा, म्हणजे गाडी दोनच चाकांवर चालेल आणि चकत्यांना त्रास होणार नाही. चिखलाच्या रस्त्याला जायचं नाही, एवढंच त्यांना सांगायचं. मी म्हटलं, चार चाकांची गाडी घेऊन माणूस कोडगूला चाललाय आणि आपण त्याला दोन चाकांवर पाठवायचं? त्यावर ते शांतपणे म्हणाले, ‘मग मी हे चाक लावणार नाही,’ आणि आत निघून गेले.

आमची हत्यारं पूजेत होती, पण गाडीचा स्वतःचा जॅक आणि पाना डिकीत होता. मी बाह्या वर सारल्या आणि ते चाक स्वतः लावलं. कितीतरी वर्षांनी माझ्या हातांनी केलेलं ते पहिलं काम होतं आणि मला त्याचा आनंद झाला होता. गृहस्थ बाहेर आले, माझे काळे हात बघून म्हणाले, ‘अरे वा, काका, आज तुम्ही?’ मी म्हटलं, बिनधास्त जा.

चौथ्या दिवशी गाडी ट्रकवर चढून परत आली. चढावर वास यायला लागला, मग अरुंद वळणावर गाडीने अशा उड्या मारल्या की मुलं रडायला लागली. त्यांनी ती तिथेच थांबवली. कुणाला इजा झाली नाही. मुलांची आई मात्र त्यानंतर कितीतरी दिवस घाटात गाडीत बसायला तयार नव्हती, असं मला नंतर कळलं.

गृहस्थ म्हणाले, ‘काका, मला भांडायचं नाही. चूक कोणाची, तेवढं सांगा.’ मी म्हटलं, उद्या अकराला या, उघडून बघतो.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी गॅरेजमध्ये गेलो. मोजपट्टी घेतली आणि चारही टायरांचे घेर मोजले. फरक होता. मी तो दोनदा मोजला, आणि दुसऱ्यांदा मोजताना मला ठाऊक होतं की आता मी काय करणार आहे.

पातळ तेलाची रिकामी बाटली भंगाराच्या पेटीत पडलेली होती. ती मी काढून पिशवीत घातली. दुकानं उघडल्यावर शहरात जाऊन तसलीच दुसरी बाटली आणली, सीलबंद. ती फळीवर ठेवली, जिथे ती एकमेव बाटली आठवडाभर होती तिथेच. एवढंच केलं. तासाभराचं काम.

अकरा वाजता कपलिंग खोललं. आतून काळा चिखल निघाला, चकत्या निळ्या पडल्या होत्या. गृहस्थ उभे होते, आमचे चार कामगार उभे होते, शेजारच्या वर्कशॉपमधले दोघं गाडी बघायला आले होते. मी फळीवरची बाटली आणून बोनेटवर ठेवली. म्हटलं, या गाडीसाठी एकच बाटली आणली होती. हिचं सील तुटलेलं नाही. मग कपलिंगमध्ये गेलं काय?

भाऊजी बाटलीकडे पाहत राहिले. त्यांनी ती उचलली, झाकण फिरवून पाहिलं, परत ठेवली. मग म्हणाले, ‘मी बोटाला लावून पाहिलं होतं. पातळ होतं.’ आणि लगेच, ‘तो टायर मोजा, अण्णा.’ मी गृहस्थांकडे वळून विचारलं, पाचही टायर गाडीबरोबर आलेले ना तुमच्या? एकाच कंपनीचे, एकाच मापाचे? ते म्हणाले, हो. मी म्हटलं, झालं तर.

इथे थांबता आलं असतं. बहिणीने त्या उन्हाळ्यात मला एकट्याला एक गोष्ट सांगितली होती. यांची साखर वाढलीय, अण्णा, बोटं मधूनमधून बधिर होतात, कुणाला बोलू नको, कामावरचा विश्वास उडेल लोकांचा. ते मी त्या सात माणसांसमोर बोललो. म्हटलं, ‘बोटाला काय कळतंय तुझ्या? बधिर झालीत ती. तुझ्या बायकोनंच सांगितलंय मला.’ लग्न झाल्यापासून मी त्यांना अहो-जाहो करत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा अरे-तुरे केलं. मग करपलेल्या तेलाचा ट्रे त्यांच्यापुढे धरला.

‘हुंग. चोळून बघ. सांग सगळ्यांना, हे जाड आहे की पातळ.’

करपल्यावर सगळी तेलं सारखीच. काळी आणि कडवट. ते कुणालाच सांगता आलं नसतं, आणि हे मला माहीत होतं म्हणून मी विचारलं. त्यांनी खरंच बोट बुडवलं. अंगठ्याने चोळलं. खूप वेळ चोळत राहिले. शेजारच्या वर्कशॉपमधला एक जण हसला आणि कानडीत म्हणाला, ‘बिडी सार, वयस्सायतु.’ सोडा साहेब, वय झालं. भाऊजींचा चेहरा मला अजून दिसतो. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते आठवायचा प्रयत्न करत होते. त्या दिवशी बोटाला नेमकं काय लागलं होतं, ते आठवत होते.

‘चुकलं असेल माझं,’ ते गृहस्थांना म्हणाले.

गृहस्थांनी मान हलवली आणि माझा हात हातात घेतला. काका, तुम्ही लपवलं नाहीत, हे महत्त्वाचं, असं म्हणाले. गाडी आम्ही नीट करून दिली. तीन टायर झिजलेत असं सांगून मी चारही सारखे बसवले.

भाऊजी त्या संध्याकाळी स्वतःचे पाने एका फडक्यात बांधून गेले. दुसरीकडे त्यांना काम मिळालं नाही. गॅरेजवाल्यांमध्ये गोष्ट पसरायला दिवस लागत नाही आणि पसरताना ती लहान होत नाही. ‘तेल कळत नाही तो मेकॅनिक’ एवढंच शिल्लक राहिलं. वर्षभराने ते बहिणीला घेऊन टी. नरसीपूरला गेले. तिथल्या एका भात गिरणीत जुनं डिझेल इंजिन आहे, ते बघायला माणूस हवा होता. मी म्हैसूरलाच, चामराजपुरमच्या घरात राहिलो. पुढच्या आयुधपूजेला कोहळा मी फोडला. तो पहिल्या आपटीत फुटला नाही.

त्यानंतरच्या वर्षांत आमचं येणंजाणं सुरू राहिलं. हे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. पण बहिणीने माझ्यावर विश्वास ठेवला होता. नवऱ्याच्या हातून भावाचं नुकसान झालं, भावाने गिऱ्हाइकापुढे मान खाली घातली, असं ती धरून चालली होती. भाऊबीजेला ती दर वर्षी यायची. भाऊजी यायचे नाहीत, आणि ती म्हणायची, कुठल्या तोंडाने येतील? मी ओवाळून घ्यायचो.

यंदा माझी पत्नी गेली. अस्थी घेऊन मी नरसीपूरच्या संगमावर गेलो तेव्हा भाऊजी सोबत पाण्यात उतरले, माझ्या कोपराला धरून. नंतर त्यांच्या घरी जेवायला बसलो. वाटेत गिरणी होती, त्यांना इंजिन बघायचं होतं म्हणून पाच मिनिटं थांबलो होतो. इंजिनात तेल कमी होतं. त्यांनी कॅन उचलला आणि गिरणीच्या कारकुनाला हाक मारली. त्याच्याकडून कॅनवरचं नाव वाचून घेतलं, परत एकदा वाचून घेतलं, मग त्याच्या बोटावर थेंब टाकून म्हणाले, ‘चोळ. जाड आहे?’ कारकून कंटाळून म्हणाला, ‘हौदु, हौदु, हो, आहे.’ मग त्यांनी तेल ओतलं. रोज असंच करतात, असं कारकून मला म्हणाला. म्हातारा आहे, पण सावध आहे.

जेवताना बहिणीने पानात चटणीपूड वाढली. भाऊजींनी तेलाची वाटी उचलली.

‘तेलच ना ते? बघून घ्या हो,’ ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, ‘यांच्या हातात तेल दिलं की मला धडकी भरते, अण्णा. माझ्या भावाचं नाव घालवलं या हातांनी.’

त्यांनी वाटी खाली ठेवून तिच्याकडे सरकवली. तिने त्यांच्या चटणीवर तेल घातलं. तिच्या आवाजात राग नव्हता. रोज वापरून गुळगुळीत झालेलं वाक्य होतं ते. मी हिशोब करत बसलो नाही की ती हे किती वेळा म्हणाली असेल. जेवलो, ताक प्यायलो, आणि घरी आलो.

तीन आठवड्यांनी परत गेलो. दुपार होती. बहीण पडवीत बसून अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होती, भाऊजी भिंतीला टेकून तिला मदत करत होते. मी खुर्ची नको म्हटलं, त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि जे वर लिहिलंय ते सांगितलं. स्टेपनी, फ्यूज, पिशवीत घातलेली बाटली, फळीवर ठेवलेली बाटली. काही गाळलं नाही. सांगायला फार वेळ लागला नाही.

बहिणीने हातातली शेंग सोलून दाणे ताटलीत टाकले. माझ्याकडे पाहिलंच नाही. नवऱ्याला म्हणाली, ‘तुम्ही एकदा तरी मला ठणकावून का सांगितलं नाहीत?’

‘मलाच कुठं खात्री होती,’ ते म्हणाले.

तिने ताटली उचलली, आत गेली आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. आतून कसलाही आवाज आला नाही. भांड्याचासुद्धा.

आम्ही दोघं टरफलांच्या ढिगाशी बसून राहिलो. त्यांनी विचारलं, ‘मोजलात म्हणालात. किती भरला फरक?’

मी सांगितलं, तेवीस मिलिमीटर.

‘माझा अंदाज पंचवीसचा होता,’ ते म्हणाले. त्यांनी उजवा हात उलटा करून पाहिला, अंगठा बोटावरून एकदा फिरवला. मला वाटलं ते रडतील, किंवा मला मारतील. मारलं असतं तर मी ते घेऊन घरी गेलो असतो आणि बरं वाटून घेतलं असतं. ते उठले आणि म्हणाले, चला, तुमची बस आहे.

बसस्टँडपर्यंत ते बरोबर आले. वाटेत त्यांनी विचारलं की त्या दिवशी तिथे कोण कोण होतं. मी सांगितलं. दोन कामगार वारले, एक कुठे गेला माहीत नाही, एक आहे पण त्याला ऐकू येत नाही. शेजारचं वर्कशॉप पाडून तिथे फ्लॅट झालेत. गृहस्थ परदेशी स्थायिक झालेत, त्यांचा नंबर माझ्याकडे नाही. म्हणजे ज्यांच्यासमोर ते घडलं, त्यांच्यातला एकही जण आता ते पुसू शकणार नव्हता. वर्षभर आधी आलो असतो तर तो चौथा तरी ऐकू शकला असता, असं मी म्हणालो. भाऊजी म्हणाले, दहा वर्षं आधी आला असतात तर मीही काम करू शकलो असतो.

मी म्हटलं, मी हे लिहून काढतो. छापून आणतो. माझ्या नावानिशी.

‘नाव नको,’ ते म्हणाले. ‘तुमचं नाव आलं की लोक म्हणतील, केवढ्या मोठ्या मनाचा माणूस, या वयात खरं बोलला. ते मी तुम्हाला मिळू देणार नाही. माझंही नको. माझं नाव वाचलं की लोकांना आधी तेल आठवेल.’ मग गाडीची ती अट घातली, जिच्यापासून मी सुरुवात केली.

म्हैसूरची बस लागलेली होती. ड्रायव्हर चहा पीत होता. मी भाऊजींना विचारलं, बहिणीला रात्री फोन करू का?

‘करू नका. आता कधीच करू नका. भाऊबीजेलाही नाही.’

मी म्हटलं, तिला माझ्याशी भांडायचं असेल, तिला भांडू द्या.

‘तेच नकोय मला,’ ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता, एखादा बोल्ट किती आवळायचा ते सांगावं तसा. ‘तुम्ही समोर असलात की ती तुम्हाला दोन शिव्या घालेल आणि मोकळी होईल. अकरा वर्षं रोज जेवताना जे ती मला बोलली, ते आता तिला माझ्यासमोर बसून गिळू दे. मला ते बघायचंय.’

त्यांच्यात ही क्रूरता नव्हती. चाळीस वर्षं मी त्यांना ओळखतो, माशी मारतानाही ते आधी खिडकी उघडून पाहायचे. ती क्रूरता मी बनवली आणि बनवून माझ्याच बहिणीच्या घरात ठेवून आलो. मी तसं त्यांना सांगायला तोंड उघडलं, पण कंडक्टरने हाक मारली आणि त्यांनी माझी पिशवी माझ्या हातात दिली.

बस सुटली तेव्हा मी खिडकीतून मागे पाहिलं. ते थांबले नव्हते. घराच्या दिशेने निघाले होते, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या मानाने भरभर चालत होते.